आतून उघडणारा दरवाजा: गाविलगड, १५ डिसेंबर १८०३

नेहमीसारखंच, एपिसोड ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा लिहून काढलेला मजकूर. बोलताना मी जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आज सुरुवात एका गेमपासून करतो आणि तिथून अमरावती जिल्ह्यात जातो. गेम खेळत नसाल तरी थांबा. गेमचं काम पाच मिनिटांचं आहे.

एल्डन रिंग. २०२२ साली आलेला जपानी कंपनी फ्रॉमसॉफ्टवेअरचा गेम. ज्यांनी खेळलाय त्यांचा हात आत्ता कपाळावर गेला असेल. या कंपनीचे गेम अवघड म्हणून बदनाम आहेत, आणि मुद्दाम तसे बनवलेले आहेत. त्यात सुरुवातीलाच स्टॉर्मव्हेल नावाचा एक किल्ला लागतो. तुम्ही दारात पोहोचता तर तिथे गोस्टॉक नावाचा एक दारवान कोपऱ्यात बसलेला असतो. तो सांगतो की मोठ्या दरवाज्याने जाऊ नका, तिथे कडक पहारा आहे, इकडे बाजूला भिंतीला भगदाड आहे, तिथून गुपचूप शिरा. मी काय केलं? मी मोठ्या दरवाज्याने गेलो. समोरून मोठाले बाण सोडणारी यंत्रं होती. मेलो. परत गेलो, परत मेलो. दोन रात्री हाच उद्योग. सकाळी नऊचा स्टँडअप कॉल, आणि डोळे लाल.

तिसऱ्या रात्री बाजूच्या वाटेने गेलो. कड्याच्या काठाने, पडक्या भिंतीवरून, लाकडी फळ्यांवरून. हळूहळू पूर्ण किल्ला मागच्या बाजूने उलगडत गेला. या गेममधली एक गोष्ट मला भयंकर आवडते. एखादा दरवाजा तुम्हाला दिसतो, ढकलता, तर स्क्रीनवर येतं की हा या बाजूने उघडत नाही. मग तुम्ही तासभर भटकता, दहा वेळा मरता, आणि अचानक एका अंधाऱ्या खोलीतून त्याच दरवाज्याच्या पलीकडच्या बाजूला निघता. कडी काढता. दार उघडतं. आणि समोर तीच जुनी ओळखीची जागा असते जिथून तुम्ही निघाला होता. त्या क्षणाचं सुख कोणत्याही बॉसला हरवण्यापेक्षा मोठं आहे.

जाता जाता, तो गोस्टॉक. त्याने रस्ता दाखवला म्हणून मी त्याला भला माणूस समजत होतो. नंतर कळलं की त्या किल्ल्यात तुम्ही मेलात की तो तुमच्या कमाईतला वाटा गुपचूप काढून घेतो. हे लक्षात ठेवा, पुढे अशी माणसं येणार आहेत.

तर हे सगळं डोक्यात असताना मी डिसेंबरमध्ये सुट्टी टाकून पुण्याहून घरी आलो. घर म्हणजे आंजी मोठी, वर्धा जिल्हा, धाम नदीच्या काठी. बाहेरच्या लोकांना मी 'वर्ध्याजवळ' एवढंच सांगतो. मामाचं घर परतवाड्याला. मामेभाऊ बारावीला आहे, त्याच्याच लॅपटॉपवर मी मागच्या वर्षी हा गेम टाकून दिला होता (मामीला सांगू नका). त्याला म्हटलं चल, चिखलदऱ्याला जाऊ, गाविलगड बघू. तो म्हणाला, "दादा, शाळेच्या ट्रिपमंधी पायला ना मी. नुसते दगडं हायेत."

दगडंच आहेत, खरंय. मीही शाळेच्या सहलीत पाहिला होता तेव्हा मला फक्त डब्यातल्या पुऱ्या आठवतात. पण या वेळी मी जायच्या आधी वाचून गेलो होतो. १८०३ साली ज्याने हा किल्ला घेतला त्या आर्थर वेलस्लीचं वर्णन. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. गाविलगडाच्या वेळी तो ३४ वर्षांचा होता. त्याने किल्ला पडल्यावर वरिष्ठांना जे पत्र लिहिलं त्यात किल्ल्याचं वर्णन आहे, आणि आईशप्पथ सांगतो, ते वाचताना वाटतं की कोणीतरी गेमचा गाईड लिहिलाय. कुठून शिरता येतं, कुठून नाही, कोणती वाट फसवी आहे.

किल्ला कसा आहे ते सांगतो. नकाशा डोळ्यासमोर आणा.

सातपुड्याची रांग. दक्षिणेला खाली वऱ्हाडचं सपाट मैदान, काळी माती, कापूस. तिथून डोंगर एकदम भिंतीसारखा उठतो. त्या डोंगराच्या टोकावर, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास उंचीवर, किल्ला. किल्ला एक नाही, दोन आहेत, एकाला एक लागून. दक्षिणेकडचा आतला किल्ला, जिथे कडा सगळ्यात उभा आहे. त्याच्या उत्तरेला आणि वायव्येला त्याला झाकणारा बाहेरचा किल्ला. आणि बाहेरच्या किल्ल्याच्याही उत्तरेला आणखी एक, तिसरी भिंत.

बाहेरून आत जायला वाटा तीन.

दक्षिणेची वाट आतल्या किल्ल्यात जाते. लांबलचक आणि खडी चढण. माणूस जाऊ शकतो, तोफ नाही.

वायव्येची वाट ही किल्ल्यावरच्या लोकांची रोजची ये-जा करायची. पण ती किल्ल्याच्या पश्चिम अंगाने वळसा घेत जाते, बराच वेळ किल्ल्याच्या तोफांच्या माऱ्याखाली. इतकी अरुंद की सैन्य पसरून चालू शकत नाही. दोन्ही बाजूंनी खडक तासलेला. आणि ही वाट फक्त दरवाज्यापर्यंतच जाते, त्याच्या पुढे कुठेच नाही.

तिसरी वाट उत्तरेची. लवादा गावाकडून. इथे जमीन किल्ल्याच्या पातळीला आहे. कडा नाही, चढ नाही. सरळ चालत भिंतीपाशी.

म्हणजे सोपी वाट हीच, असं वाटेल. पण लवाद्याला पोहोचायचं कसं? अचलपूरहून डोंगरांतून जवळपास ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटर, जंगल, दऱ्या, नाले. रस्ता नाही. मेळघाट आहे तो. आजही पावसाळ्यात तिथे दरड पडली की गाड्या अडकतात.

आता ज्याने गाविलगड बांधला तो मूर्ख नव्हता. जुनी परंपरा सांगते की आधी इथे गवळ्यांची मातीची गढी होती, त्यावरून नाव पडलं. फरिश्ता नावाचा फारसी इतिहासकार बांधकामाचं श्रेय बहामनी सुलतान अहमदशाहला देतो, साल १४२५ च्या सुमाराचं. नंतर इमादशाहीत त्यात भर पडली. दिल्ली दरवाज्यावर गंडभेरुंडाचं शिल्प आहे, दोन तोंडांचा पक्षी, पायांत हत्ती पकडलेले. माझ्या मामेभावाचं पहिलं वाक्य: "हा तर बॉस हाय." मग मुघल आले, आणि नंतर नागपूरकर रघूजी भोसल्यांनी हा किल्ला घेतला. या सगळ्यांना माहीत होतं की उत्तरेची बाजू सपाट आहे. म्हणून तर तिथे तिसरी भिंत घातली. त्यांचा खरा भरवसा त्या भिंतीवर नव्हता, त्या ४८ किलोमीटरवर होता. त्या डोंगरातून भिंत फोडणाऱ्या तोफा कोण आणणार?

मी रोज कोड लिहितो म्हणून मला हे फार ओळखीचं वाटतं. फंक्शन लिहिताना आपण मनात म्हणतो, असा इनपुट कधी येणारच नाही. तपासणी टाकत नाही. वर्षानुवर्षं काही होत नाही. आणि मग एका शुक्रवारी संध्याकाळी तोच इनपुट येतो.

इथे जरा आडवळण घेतो, कारण देवगिरीचं नाव घेतल्याशिवाय महाराष्ट्रात अवघड किल्ल्यांवर बोलणं म्हणजे पोह्यांवर बोलताना तर्रीचं नाव न घेणं.

डार्क सोल्स, याच कंपनीचा २०११ चा गेम, त्यात सेन्स फोर्ट्रेस नावाची जागा आहे. आत पाऊल टाकलं की पायाखालचा दगड दबतो आणि भिंतीतून बाण येतात. पुढे अरुंद पूल आणि त्यावर झुलणारी पाती. वरून गडगडत येणारे दगडी गोळे. लोक म्हणतात, जपानी माणसाचं काय डोकं! मी म्हणतो, छत्रपती संभाजीनगरची बस पकडा आणि दौलताबादला उतरा. सुमारे २०० मीटर उंच खडक, आणि त्याचा खालचा भाग गोल तासून गुळगुळीत केलेला, जेणेकरून चढायला बोट अडकवायला जागा नको. भोवती खंदक. दरवाजे एका रेषेत नाहीत, वळणावर आहेत, म्हणजे हत्तीला धडक मारायला धावत येता येत नाही. दारांवर लोखंडी अणकुचीदार खिळे. आणि मग अंधारी, खडकातून वर जाणारा काळोखाचा वळणावळणाचा बोगदा. पायऱ्या एकसारख्या नाहीत. वटवाघळं. गाईड टॉर्च विझवतात आणि सांगतात की इथे चुकीकडे वळलात तर सरळ खंदकात. वरच्या तोंडाला लोखंडी शेगडी पेटवून बोगद्यात धूर सोडायची सोय. सेन्स फोर्ट्रेसमध्ये धूर नाहीये, एवढंच सांगतो.

पण गंमत बघा. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला तेव्हा त्याला यातलं काही चढून जावंच लागलं नाही. तो आला तो कुठून? आपल्या अचलपुरावरून. फरिश्ता लिहितो की तिथे मुक्काम करून त्याने आवई उठवली, मी चुलत्याशी भांडून राजमहेंद्रीच्या राजाकडे नोकरीला चाललोय. राजा रामदेवरायाचं मुख्य सैन्य मुलाबरोबर बाहेर. किल्ल्यात घाईघाईने पोती भरली, धान्य म्हणून. वेढा पडल्यावर उघडून बघतात तर मीठ. ही मिठाची गोष्ट फरिश्त्याचीच आहे, किती खरी किती रंगवलेली देव जाणे, पण तह झाला आणि अलाउद्दीन खंडणी घेऊन गेला हे खरं. गेमच्या भाषेत बोलायचं तर लेव्हल परफेक्ट होती, इन्व्हेंटरी कोणी तपासली नव्हती.

परत गाविलगडावर येऊ.

१८०३ चं वर्ष. दुसरं इंग्रज-मराठा युद्ध. २३ सप्टेंबरला असईची लढाई. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई, ती आजच्या अकोला जिल्ह्यात. दुसरे रघूजी भोसले म्हणजे नागपूरकर, यांचं सैन्य तिथे हरलं आणि त्यातलं बरंचसं पायदळ पळून गाविलगडात शिरलं. किल्लेदार बेनीसिंग, राजपूत. म्हणजे आत हजारो माणसं, दारूगोळा, पाण्याची तळी. वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन दोघे अचलपूरला आले आणि ठरवलं की उत्तरेने जायचं.

७ डिसेंबरला स्टीव्हन्सनची फौज निघाली. वेलस्ली दक्षिणेला मैदानात थांबला, पाठराखण करायला आणि किल्ल्याचं लक्ष तिकडे ठेवायला. स्टीव्हन्सनकडे होती हैदराबादची तैनाती फौज, म्हणजे बहुतेक हिंदी शिपाई, आणि त्यांच्यासोबत ९४ वी स्कॉटिश पलटण. त्यांनी अवजड तोफा त्या डोंगरांतून हाताने ओढत नेल्या. बैल चालू शकत नव्हते अशा जागी माणसं दोर लावून. पुढे रस्ता नव्हता तिथे आधी रस्ता तयार करायचा, मग तोफ ओढायची. १२ डिसेंबरला ते लवाद्यापाशी पोहोचले.

म्हणजे तो इनपुट आला.

त्याच रात्री तोफांचे मोर्चे बांधले. १३ ला मारा सुरू. १४ च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या भिंतींना माणसं शिरतील एवढी भगदाडं पडली. १५ डिसेंबरला सकाळी दहाच्या सुमारास हल्ला. तीन बाजूंनी. दक्षिणेच्या दरवाज्यावर एक तुकडी, वायव्येच्या दरवाज्यावर एक तुकडी, या दोन्ही लक्ष विचलित करायला. खरा हल्ला उत्तरेच्या भगदाडातून, लेफ्टनंट कर्नल केनीच्या हाताखाली. बाहेरचा किल्ला भराभर पडला. आतली माणसं वायव्येच्या दरवाज्याने बाहेर पळाली, तर तिथे दुसरी तुकडी उभीच होती, आणि जे दार पळायला उघडलं त्याच दाराने ती तुकडी आत घुसली.

पण आतला किल्ला अजून शाबूत. बाहेरच्या आणि आतल्या किल्ल्याच्या मध्ये दरी आहे. त्या दरीत उतरायचं, पलीकडे चढायचं, आणि मग आतल्या किल्ल्याचा दरवाजा. वरून गोळ्या. इथे तोफ आणता येत नाही. दरवाजा फुटेना. केनी जबर जखमी झाला. माणसं दरवाज्यापाशी गोळा होत होती आणि पडत होती.

मी स्टॉर्मव्हेलच्या मोठ्या दरवाज्यावर दोन रात्री जे करत होतो, तेच.

मग कॅप्टन कॅम्पबेल. ९४ व्या पलटणीची हलकी तुकडी घेऊन तो बाजूला सरकला. एका ठिकाणी भिंत अशी होती की खडकावरून चढून शिड्या टेकवता येतील. त्यांनी शिड्या लावल्या, भिंतीवरून आत उतरले, आणि आतून दरवाजा उघडला.

आतून. दरवाजा आतून उघडला.

वाचताना मी खुर्चीतून उठलो होतो, खोटं नाही सांगत. हुबेहूब तोच क्षण. 'या बाजूने उघडत नाही' वाला दरवाजा. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज लेखकाने याच लढाईवर कादंबरी लिहिली, आणि त्यात भिंत चढायचं श्रेय त्याने कॅम्पबेलकडून काढून आपल्या नायकाला, शार्पला दिलं. मला समजतं का ते. कोणालाही तो क्षण आपल्या नायकाला द्यावासा वाटेल.

तर आम्ही दोघं त्या दरीपाशी उभे होतो. आज तुम्ही चिखलदऱ्याहून गेलात की येता त्याच सपाट उत्तरेच्या बाजूने, म्हणजे ज्या बाजूला स्टीव्हन्सनच्या तोफा होत्या तिथूनच. तिकीट, चहाची टपरी, माकडं, आणि मग भिंती. मी हातवारे करून मामेभावाला सगळं सांगत होतो. इथून तोफा, इथे भगदाड, इकडून लोक पळाले, आणि मग तो माणूस बाजूने चढला. मी जोशात होतो. तो चिप्स खात ऐकत होता. म्हणाला,

"दादा, मंग आपण आतमंधी होतो ना?"

मी म्हटलं, म्हणजे?

"म्हंजे भोसल्याईचा किल्ला ना हा? आपण त भोसल्याईच्याच राज्यात. मंग आपले लोकं आतमंधी होते. तू त असा सांगून राह्यला जसा तूच चढला."

मला उत्तर सुचलं नाही. पोराने चिप्सचं पाकीट घडी करून खिशात ठेवलं (कचरा टाकत नाही, हे मात्र चांगलं आहे) आणि पुढे चालायला लागला.

बरोबरच होतं त्याचं. मी पूर्ण गोष्ट कॅम्पबेलच्या पाठीमागून बघत होतो. कारण गेममध्ये कॅमेरा तिथेच असतो, हल्ला करणाऱ्याच्या पाठीमागे, खांद्याच्या जरा वर. किल्ला ही नेहमी दुसऱ्याची जागा असते. आतले लोक म्हणजे लाल पट्टी वरती असलेले शत्रू, ज्यांना मारलं की पॉइंट मिळतात, आणि तुम्ही आराम करून आलात की पुन्हा आपापल्या जागी उभे. आणि वाचलेली सगळी साधनंही तशीच होती. वेलस्लीचं पत्र, इंग्रज अधिकाऱ्यांच्या नोंदी. त्या फौजेबरोबर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता, तेव्हा २४ वर्षांचा, नंतर नागपूरला रेसिडेंट झाला, त्याच्याही नोंदी आहेत. आतून कोणी लिहिलेलं मला एक ओळही मिळालेली नाही.

मग मी त्या दिवशी परत फिरलो आणि तीच जागा उलटी चाललो. आतल्या किल्ल्याच्या दरवाज्यातून बाहेर बघत. प्रयत्न केला बघायचा.

१२ तारखेपर्यंत बेनीसिंगाला काय दिसत असेल? दक्षिणेला खाली मैदानात वेलस्लीचे तंबू. उत्तरेला जंगल, आणि जंगलात झाडं तोडल्याचे आवाज, धूळ. त्याच्याकडे डोंगरातली माणसं बातमी आणत असणारच. म्हणजे त्याला कळत असेल की तोफा येतायत. रोज थोड्या जवळ. पाच-सहा दिवस. बाहेर पडून त्या वाटेत अडवायला हवं होतं का? हे बोलणं सोपं आहे, खुर्चीत बसून. त्याच्याकडची निम्मी माणसं दोन आठवड्यांपूर्वी अडगावला हरून आलेली. त्यांना परत उघड्यावर न्यायचं, की तीन भिंतींच्या आत ठेवायचं? कोणीही भिंतीच निवडल्या असत्या. मीही.

आणि मग १५ ची सकाळ. भगदाडं पडलेली आहेत. बाहेरचा किल्ला गेला. लोक पळत आतल्या दरवाज्याकडे येतायत, आपलेच लोक, आणि दार बंद ठेवावं लागतंय कारण त्यांच्या मागे शत्रू आहे. दार टिकलंय. दार टिकलं म्हणजे आपण टिकलो. आणि अचानक दाराच्या आतल्या बाजूने, पाठीमागून, गोळ्या.

गेममध्ये ज्याला शॉर्टकट म्हणतात तो आतल्या माणसाला असा दिसतो.

वेलस्लीने लिहिलंय की खूप माणसं मारली गेली, विशेषतः निरनिराळ्या दरवाज्यांपाशी. इतकंच. आकडा नाही. बेनीसिंगाचं प्रेत दरवाज्याजवळ मेलेल्यांच्या ढिगात सापडलं. स्त्रिया शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून त्यांना आधीच मारण्याचा प्रयत्न झाला, असंही त्या वेळच्या वर्णनांत आहे. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पटकन पुढे सरकलो होतो, भिंत चढायच्या भागाकडे. हे मी इथे मुद्दाम सांगतोय.

तोफा ओढणाऱ्यांचंही तसंच. कॅम्पबेलचं नाव आहे. केनीचं आहे. ज्यांनी पाच दिवस ४८ किलोमीटर दोर खांद्यावर घेतला त्यांची नावं कोणत्या पत्रात नाहीत, आणि ते बहुतेक दख्खनचे, मद्रासकडचे, तेलंगणाचे. किल्ला खरं तर त्यांनीच पाडला. शिडी हा शेवटचा अर्धा तास होता. आणि त्या डोंगरात फौजेला वाट कोणी दाखवली? कोणीतरी दाखवली असणार, ३० मैल मेळघाट नकाशावरून कोणी चालत नाही. पैशासाठी, भीतीने, की भोसल्यांच्या वसुलीचा राग म्हणून, ते आपल्यापर्यंत आलेलं नाही. मला गोस्टॉक आठवला. आणि लगेच लाजही वाटली, कारण बंदूक डोक्याला लावली असेल तर तो गोस्टॉक नव्हे.

मग पुढे काय झालं? दोनच दिवसांनी, १७ डिसेंबर १८०३ ला, देवगावचा तह. भोसल्यांनी कटक प्रांत दिला, म्हणजे ओडिशाचा किनारा. आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख दिला, जो पुढे निजामाकडे गेला. आणि आता ऐका. ज्या किल्ल्यासाठी हे सगळं झालं तो गाविलगड, आणि नरनाळा, हे दोन्ही तहात भोसल्यांकडेच ठेवले, खालच्या चार लाखांच्या मुलखासकट. म्हणजे घेऊन परत दिला. तो नकोच होता त्यांना. त्यांना हे दाखवायचं होतं की तो घेता येतो. पुढे १८२२ च्या सुमारास तोही निजामाकडे गेला, आणि १८५७ च्या उठावानंतर, १८५८ मध्ये, इंग्रजांनी किल्ला निकामी केला. पुन्हा कोणी आत बसू नये म्हणून.

माझ्यासाठी यातली खरी गोष्ट वर्धा नदी आहे. परतवाड्याहून घरी येताना आम्ही अमरावती, तिवसा करत हायवेने आलो. तिवस्याच्या पुढे नदीचा पूल लागतो. पलीकडे तळेगाव, मग आर्वी, खरांगणा, आंजी. हा पूल मी लहानपणापासून शंभरदा तरी ओलांडला असेन, मामाकडे जाताना, आणि दर वेळी आजी नदीत नाणं टाकायला लावायची. अमरावतीकडचे म्हणजे वऱ्हाडी आणि आपण म्हणजे 'नागपूरकडचे', असं लग्नात जेवताना थट्टेत म्हणतात. आपणही तसंच बोलतो, काऊन, कायले, तरी. जमाबंदी वेगळी, निजामाचा अंमल तिकडे, भोसल्यांचा इकडे, नंतर इंग्रजांचं मध्यप्रांत इकडे आणि वऱ्हाड तिकडे. ही सगळी रेघ याच नदीवरून गेली. म्हणजे माझं आजोळ आणि माझं घर यांच्यामध्ये जी सरहद्द शतकभर होती, ती पक्की झाली त्या तहात, आणि तो तह झाला तो आतून उघडलेल्या त्या दरवाज्याच्या दोन दिवसांनंतर.

हे मी गाडीत मामेभावाला सांगत होतो. तो माझ्यासोबत आठवडाभर आंजीला राहायला येत होता. ऐकताऐकता झोपला.

रात्री घरी जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडला. स्टॉर्मव्हेल. मी त्याला म्हटलं होतं की मोठ्या दरवाज्याने जाऊ नको, बाजूला वाट आहे. त्याने ऐकलं नाही, घराण्याचाच गुण. अकरा वेळा मेला. बाराव्या वेळी कसाबसा तटाच्या आत पोहोचला, आणि वर चढून, बाण सोडणाऱ्या त्या यंत्राच्या मागे जाऊन उभा राहिला. तिथला पहारेकरी पाठमोरा होता, अजून समोर दरवाज्याकडेच बघत. याने लगेच मारलं नाही. कॅमेरा फिरवून खाली बघितलं, जिथून तो अकरा वेळा आला होता.

"दादा," म्हणाला, "इथून त सगळंच दिसते ना बे."